आकडा

शालिक मिस्त्री म्हणाला, भंगारात अठरा हजार येतील.
वरून म्हणाला, ताई, तुमच्या बाबांनीच वाट लावली तिची,
मिस्त्र्याच्या हाती कधी लागूच दिली नाही.

म्हणून आज रविवार, बोरखडीच्या अंगणात
निंबाखाली पांढरी मारुती,
मागच्या चाकांना दोन विटा,
संत्र्याच्या पेटीची फळी, फळीवर पाने:
आठ, दहा, बारा.
चौदाचा कुठे गेला ते बाबांनाच ठाऊक.

मोर्शीच्या दवाखान्यात मी रक्त तपासते.
काचेवर थेंब कसा पसरवायचा, हाताला कळतं.
त्याच हातानं कार्बोरेटरचा
पहिलाच स्क्रू मातीत पाडला.

आई काही न बोलता उठली,
पिठाची चाळणी आणली, माती चाळली.
एक स्क्रू, तीन निंबोळ्या, शर्टाचं एक बटण.
बटण तिनं पदराच्या टोकाला बांधलं.

कुंपणावरून सिंधूकाकू वानखडे:
"काहून वो, पोरगी गाडीखाली काहून शिरली?"
"तिले गरम होऊन राह्यलं," आई म्हणाली,
"थंडी जागा पाह्यली तिनं."

फ्लोटच्या वाटीत तळाला गाळ,
चहाच्या चोथ्यासारखा.
रॉकेल आता मिळत नाही,
पेट्रोलमध्येच बुडवले जेट,
फड्याची एक काडी भोकातून फिरवली,
फुंकर मारली. पेट्रोल जिभेला लागलं
आणि एकदम बाबा,
हनुवटीवर काळा डाग घेऊन
जेवायला बसलेले.

मग ते जागोजागी दिसायला लागले.
रबरी नळीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी, सुतळीनं आवळलेली.
फिल्टरच्या झाकणाला फवारणी पंपाचा वायसर.
बॅटरीखाली माझ्या सातवीच्या भूगोलाच्या वहीचा पुठ्ठा,
आम्लानं निम्मा खाल्लेला,
नाव गेलंय, तुकडी ब शिल्लक.
शालिक याला वाट लावणं म्हणतो.

आणि ॲक्सिलरेटरच्या दांडीला,
जिथे कंपनीची पिन असते,
तिथे पकडीनं वाकवून बसवलेला
अंबाड्याचा आकडा.

काढला. पुसला. आईला दाखवला.
तिनं तो उन्हात धरला, बराच वेळ.
"तुह्या मावशीच्या लग्नाले जाताना
गाडी बंद पडली होती, पुलाजवळ.
हे म्हणे, जरा मान इकडे कर.
मले वाटलं, गजरा पाह्यतात."

थांबली.

"मांडवात अर्धा अंबाडा सुटला माहा.
समदे हासले. मी म्हटलं, पडला असन कोठी.
सोळा वर्षं, बाप्पा!
एका शब्दानं बोलले नाही."

मी अमरावतीहून नवी पिन आणली होती,
बारा रुपये, प्लॅस्टिकच्या पुडीत.
ती बसवली.
आकडा आईनं पेट्रोलमध्ये धुतला, पदराला पुसला,
केसांत खोवला. केस आता विरळ,
आकडा घसरला, तिनं पुन्हा खोवला,
आणि पुढच्या सीटवर येऊन बसली
लग्नाला निघाल्यासारखी.

चावी फिरवली. खोकली.
पुन्हा फिरवली. नुसती कुरकुर.
"चोक ओढ ना," आई म्हणाली.
चोक ओढला, आणि गाडी सबंध थरथरली,
टपावरच्या निंबोळ्या टपटप खाली,
सिंधूकाकूंची कोंबडी पळाली,
मी आनंदानं पायाखाली दाबलं जोरात

आणि पाय रिकामा खाली गेला.

बॉनेट उघडून बघते तर नवी पिन नाही.
चाळणी घ्यावी म्हणून वळले,
तर आई काच खाली करून बसलेली,
माझ्याकडे पाठमोरी,
मान थोडी कलती.

"घे," म्हणाली. "पण बापावानी नोको.
या बारीनं इचारून घे."