मऊ भाग

उशीवर आधी काळंच दिसलं.
रात्रीच्या दिव्यात रक्त लाल नसतं.
मग सोद्नोमचा आवाज, "बाई, माझं नाक सांडलं,"
वाटीतलं दूध सांडावं तसा,
आता ओरडा बसणार अशा तयारीत.

सहा वर्षांचा. बापानं मोटरसायकलवरून आणून सोडला,
त्याला अजून महिनाही नाही झाला.
बाहेर उणे एकतीस. आत कोळशाची शेगडी,
हवा इतकी कोरडी
की पांघरूण ओढलं तरी ठिणगी उडते.
गोबीतल्या हिवाळ्यात माझ्या या सोळा खाटांपैकी
कुठल्या ना कुठल्या खाटेवर घोळणा फुटतोच.

सगळी जागी झाली. "मान वर कर! छताकडे बघ!"
गांझोरिग तर दारातला गार चिमटा घेऊन धावला,
मानेवर ठेवायला. त्याच्या आजोबांचा उपाय.

मीही वर्षानुवर्षं माना मागेच टाकल्या.
रक्त घशातून पोटात जायचं,
पहाटे पोर भडाभडा ओकायचं
आणि आम्ही म्हणायचो, रात्रीचं मटण बाधलं.
मग दवाखान्यातल्या चिमगेनं एकदा
माझंच नाक धरलं, सगळ्यांसमोर.
"हे हाड. इथं दाबून काही होत नाही.
खाली ये. अजून खाली.
मऊ लागेल तिथं थांब."

तर बसवला त्याला ताठ, किंचित पुढे झुकवून,
हनुवटीखाली तसराळं.
अंगठा आणि बोट, दोन्ही नाकपुड्या बंद.
तोंडानं श्वास घे. तोंडात येईल ते थुंक, गिळू नकोस.
आणि आता दहा मिनिटं.

दहा मिनिटं किती मोठी असतात
ते चिमटीत लेकराचं नाक असल्याशिवाय कळत नाही.
थांबलं का, थांबलं का, म्हणून बोट उचलायचं नाही.
उचललं की घड्याळ पुन्हा शून्यावर.

"घरचे घोडे सांग," मी म्हटलं.

कोंदल्या आवाजात सुरू झाला:
कुमैत, त्याची आई कुमैत, अबलख,
चारी पाय पांढरे असलेली, ती चावते,
सबजा, तो बाबांचा,
लंगडा. दुसरा लंगडा.
बावीसपर्यंत आला आणि गप्प.
मी वाट पाहिली. शेगडीत कोळसा ढासळला.
"तेविसावा गेल्या थंडीत उभ्या उभ्या गोठला,"
म्हणाला. "मोजायचा का?"

मोज, म्हटलं.

दहात थांबलं नसतं तर आणखी दहा.
त्यानंतरही वाहिलं असतं तर चिमगेचं दार,
मग जीप, मग साठ किलोमीटर बर्फ.
हे सगळं मनात होतं. बोटात येऊ दिलं नाही.

चौतिसाव्या घोड्याला हात सोडला.
तसराळ्यात नवा थेंब पडला नाही.
"शिंकरायचं नाही उद्या. बोट तर मुळीच नाही."
त्यानं बोट पाठीमागे लपवलं,
म्हणजे कारण कळलं.
नाकपुडीच्या कडेला व्हॅसलीन लावलं, डाळीएवढं.

"अजून तीन राहिले," म्हणाला, आणि झोपला.

माझी चिमटी बराच वेळ तशीच राहिली,
हवेतलं काहीतरी धरून.
अभ्रा गार पाण्यात टाकला.
गरम पाण्यानं डाग पक्का बसतो.