दुसरं झाड

फॉर्मवर रकाने सात:
झाडाची जात, मचाणाची उंची,
पाणवठ्यापासूनचं अंतर...
पेठच्या ऑफिसातली टेप माझ्या हातात.
मावंजी भोये चिमूटभर राख सोडतो हवेत
आणि ती कुठं जाते ते बघत उभा.

"दिवसा वारा घाट चढतो, बाई,
रात्री गार होऊन उतरतो.
वरच्या अंगाला बसाल तर
तुमचा साबण पाण्यावर आधी पोचेल.
मग बिबट्या कशाला येतोय?"

उंबर नको. पिकलाय, रातभर वटवाघळांचा बाजार.
ऐनाखाली पाचोळा, कूस बदलली तरी बोंब.
पुनवेचा चांद पाठीशी हवा,
पण आपली सावली पाण्यात नको.

मग तो मोह.
बेचकी अशी, की पाट मांडून जेवावं.
वारा, चांद, पाणी, सगळंच जुळलेलं.
मी टेप उलगडली.
मावंजीनं साल चाचपली:
एक खिळा, लाकडानं गिळत आणलेला,
गंजकं डोकं तेवढं बाहेर.
"बापानं ठोकलेला. शिकारीच्या साहेबासाठी.
मी खाली. करडू ओरडेना झालं
की चिमटा काढायला."
कोयता काखेत मारून पुढं चालू लागला.

बसलो शेवटी धावड्यावर.
कंबर मोडते, अर्धा पाणवठा दिसत नाही.
पहाटेपर्यंत दोन सायाळी, एक तरस,
आणि न दिसणाऱ्या अर्ध्यात
कुणीतरी बराच वेळ पाणी पीत होतं,
लपक लपक.

मी पेनाचं टोपण काढलं.
मावंजीनं अंधारातच
माझ्या मनगटावर हात ठेवला.