रकाना क्रमांक अकरा

अर्ज तीन प्रतींत भरायचा, निळ्या शाईत.
खाडाखोड चालणार नाही, असं वर ठळक छापलंय.
मी टाइमकीपर. जालन्याच्या या भट्टीवर एकोणीस वर्षं
माणसं आत घेतो, बाहेर सोडतो,
कागदावर.

रकाना एक : नाव.
कडुबा सांडू म्हस्के, क्रेनवाला.
गाव विचारलं तर म्हणाला,
धरणात गेलेलं सांगू का नवं?
मी नवं लिहिलं. ते चौकटीत मावतं.

रकाना चार : घटनेचे वर्णन, पन्नास शब्दांत.
भंगारात कुठूनशी एक बंद नळी आली होती,
तोंड दोन्हीकडून मिटलेलं, पोटात पाणी.
भट्टीत पडली आणि भट्टीनं ओकारी काढली.
अठरा शब्द झाले. उरलेल्या बत्तीसांत
खाली अडकलेले नऊ जण बसवायचे आहेत
आणि त्यांच्या डोक्यावर, हुकाला लोंबणारं
बारा टन पातळ पोलाद.

रकाना सात : कामगाराने केलेली धाडसी कृती.
कडुबा घाटीतून सुटून आलेला,
दोन्ही पंजे पट्टीत, चहाचा कप मनगटांत धरलेला.
म्या काय केलं? काहीच नाही.
बसून राह्यलो.

म्हणजे?

मंजे सगळे पळाले. पळायलाच पायजे व्हतं.
शिडी माह्या उजव्या अंगाला, तीन पावलं.
पर बादली तर माह्याच हातात.
म्या उतरलो तर तिला कोण धरल?
खाली तो बिहारी पोरगा, मिथिलेश,
पाय अडकून बसला व्हता, वर बघत.
बादलीकडं नाही, माह्याकडं.
मंग नेली हळूहळू वाळूच्या खड्ड्यापोहोत.
घाई केली असती तर हिंदकळली असती.
बाई चुलीवरून दूध उतरवती का नाही,
तसं.

दांडे केवढे तापले होते, ते त्यानं सांगितलं नाही.
ते पट्टीला माहीत.

मी लिहिलं : प्राणांची पर्वा न करता.
मग खोडलं. पर्वा होती,
त्यानं शिडीची पावलं मोजली होती.
खाडाखोड चालत नाही. कोरा अर्ज घेतला.

रकाना अकरा : घटनेच्या वेळी कामगार कर्तव्यावर होता काय?
हजेरीपटाची साक्षांकित प्रत जोडावी.

हजेरीपट माझ्याच अक्षरात आहे.
पहिली पाळी : ह.
दुसरी पाळी : कोरी.
डबल ड्यूटी इथं होते, लिहिली जात नाही.
ठेकेदार ती वेगळ्या वहीत ठेवतो,
वही वेगळ्या खिशात.
तेव्हा रात्री पावणेनऊला, माझ्या कागदाप्रमाणे,
कडुबा घरी जेवत होता.
बारा टन पोलाद हवेत, केबिन रिकामी,
आणि नऊ जण
असेच वाचले.

साहेब म्हणाले, पाठव कशाला?
तिकडून चौकशी येते, मग पाळ्या, मग ठेकेदार.
आपणच गेटवर सत्कार करू. शाल, नारळ,
फोटोला हेल्मेट घालायला सांग त्याला.
बोलताना ते खिडकीतून भिंतीपलीकडची
मोसंबीची बाग बघत होते.
पानांवर आमचीच काळी भुकटी.

शेवटचा रकाना : कामगाराची सही,
नसल्यास डाव्या अंगठ्याचा ठसा.
आम्ही दोघांनी पट्टीकडे पाहिलं.
डॉक्टर म्हणतात, कातडी येईल,
रेघा येतीलच असं नाही.

ऱ्हाऊ द्या, म्हणाला.
कोपरानं दार ढकललं, आणि अर्धा बाहेर असताना,
टँकर येऊन गेला का विचारावं तसं विचारलं,
त्या रातची हजेरी लागली का, भाऊ?

अर्जाच्या तिन्ही प्रती ड्रॉवरमध्ये आहेत.
हजेरीपट टेबलावर, त्याच पानावर उघडा.
शाई निळीच आहे.
चौकोन एवढासा,
एकच अक्षर मावेल.