चाप

उद्यमबागेतली पहिली पाळी सुटली की
मी अनगोळला जातो, मल्लाप्पामामाकडं,
अंगाला कूलंटचा वास तसाच.
दारात परवान्याची चौकट, काचेआड मेलेली मुंगी.
आत एकच दिवा, घड्याळजीकडं असतो तसा वाकलेला.

आज टेबलावर पॉइंट टू टू.
दीक्षा पाच्छापुरेची. बाप हुक्केरी डेपोत मेकॅनिक,
त्यानं जुनी घेतलेली, पण चाप अजून कारखान्यातलाच.
"मध्येच अडकतंय मामा," ती म्हणाली,
"वाळूतनं चालल्यागत.
दोनदा अडकतंय, मग सुटतंय,
तवर श्वास संपतोय माझा."
धारवाडला तीन दशांश गेले तिचे. तिथंच, त्या वाळूत.

मामानं बोल्ट उघडून चेंबर दिव्याकडं धरलं,
मग मला बघायला लावलं, मग तिला.
तिघांनी रिकामं म्हटलं तरच ते रिकामं.
सव्वीस वर्षं सेंटरच्या आर्मरीत हेच.
मग डोळे मिटून चाप ओढला,
नाडी बघावी तसा.
"हं."

भिंगाखाली दोन दात, एकमेकांवर टेकलेले,
आणि त्यांच्यावर कटरच्या रेघा,
आडव्या, घाईच्या.
ही रेघ मी ओळखतो.
पाळी संपायला दहा मिनिटं असताना
माझ्याही हातून अशीच पडते,
शिक्का बसतो, पेटी बंद होते,
कुठं जाते ते विचारत नाही.

"तू घे," मामा म्हणाला. त्याचा हात आता कापतो,
फक्त चहाच्या वेळी, असं तो सांगतो.
पाटीवरच्या पेन्सिलीएवढा दगड, तेलाचा एक थेंब.
"लोखंड काढायचं न्हाई. खरखर तेवढी काढायची.
वरची कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी,
कडक आहे ती तेवढीच.
आत मऊ. तिथं गेलास की
बंदूक धक्क्यानंच सुटंल,
बोटाला विचारणार न्हाई."

तो मोजतो कन्नडात.
शाळा मराठी, पण उस्ताद गदगचा होता,
त्यामुळं लोखंडाचे आकडे त्या भाषेतले.
ओंदु. एरडु. मूरु.
रेघा बुडू लागल्या, पाण्यात बांध बुडावेत तशा.
नाल्कु. ऐदु.
कोपरा गोल होऊ नये म्हणून
मी श्वास कुठं ठेवला होता, आठवत नाही.
आरु. एळु.
"साक."
मला अजून एक घासणी हवी होती.
मला नेहमीच हवी असते.
"साक म्हटलं की रे."

पेट्रोलनं धुतलं, स्प्रिंग बसवली.
रबरी हातोड्यानं दस्त्यावर चारी बाजूंनी ठोकलं.
चाप धरून राहिला.
मग खोटं काडतूस घातलं आणि ती
पोत्यावर पालथी झाली, गाल लाकडाला,
नळी मातीच्या भिंतीकडं.
बाहेर कुणीतरी रिक्षावाल्याशी
दोन्ही भाषांत भांडत होतं.
मी तिच्या बोटाकडं बघत होतो.
बोट हललेलं दिसलंच नाही.

टक्.

तिनं मान वळवली.
"मी ओढलं होतं?"

मामा हसला नाही. वही ओढली,
नंबर लिहिला, तारीख, तिचं नाव,
आणि कामाच्या रकान्यात, हात कापत,
पण अक्षर सुटं, वाचता येईल असं:
खरखर काढली.
लोखंड काढलं नाही.