उजवं पान

तुझी वही निळी, पुठ्ठ्याची, कडा भिजून फुगलेल्या.
डाव्या पानावर समुद्राचा बर्फ:
धक्क्याजवळ एकतीस सेंटीमीटर,
मधल्या खुणेपाशी सत्तावीस,
भेगेच्या अलीकडे 'उद्या पुन्हा बघणे'.
उजवं पान कोरंच सोडायचास.
शाई पलीकडे फुटते म्हणून.

डिसेंबरात म्हणाला होतास,
'पोट तुझं, मूल आत. मला बाहेरून काय कळणार?'
सुईण हेली हसल्या नाहीत.
'उर्मास, समुद्र तरी तुला कुठे आतून दिसतो?'

मग रोज रात्री आठला,
बातम्या संपून हवामान लागायच्या आत,
मी डाव्या कुशीवर, तू जमिनीवर गुडघे टेकून
हात काखेत दाबून ऊब आणणारा.
गिरमिटाच्या दांड्याने पडलेले घट्टे
माझ्या कातडीला खरखरीत लागायचे
आणि आतून पहिली ढुशी
बरोबर घट्ट्यावर.
'ही धरायची?'
'धर.'
'आणि ही? नुसतं सरकल्यासारखं झालं.'
'सरकणं म्हणजे हालणंच, वेड्या.'
तू रेघ ओढायचास. चार उभ्या, पाचवी आडवी,
तुझे वडील माशांच्या पेट्या मोजत तशी.
उचक्या वेगळ्या, पानाच्या तळाशी.

हळूहळू तुला त्याच्या सवयी माझ्याआधी कळायला लागल्या.
जेवण झालं की उजवीकडे.
मी गप्प बसले की जास्त.
उत्तरेचा वारा असला की आणखी जास्त,
हे मला पटलं नाही, पण तू लिहून ठेवलंस.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी
दुपारपासून मला शंका होती
आणि ती मी काळ्या पावाच्या पिठात मळून टाकली.
आठ वाजता तुझा हात. सव्वाआठ. साडेआठ.
दोन रेघा,
त्यातली एक तुझ्याच नाडीची असावी.
मी म्हणाले, झोपलं असेल.
तू पानं मागे उलटलीस. एक, तीन, दहा.
'या वेळी ते झोपत नाही, मारिका.'
ऑफिसला रस्ता बंद कळवतोस, तोच आवाज.

रस्ता संध्याकाळी तूच बंद केला होतास.
तूच फोन केलास, तूच अडसर उचललास.

बर्फावर गाडीचे पट्टे सोडून बसायचं असतं,
खचलाच तर बाहेर पडता यावं म्हणून.
मी पोटाला दोन्ही हातांनी बांधून बसले.
फार हळू नाही, फार जोरात नाही;
बर्फाखाली गाडीसोबत एक लाट धावत असते,
तिच्याशी आपला वेग जुळू द्यायचा नाही,
हे तू मला लग्नाआधीच शिकवलं होतंस.
वोर्म्सीचे दिवे मागे गेले. पुढचे अजून यायचे होते.
दोघंही वरून कान देऊन,
खाली काय चाललंय.

पाचव्या किलोमीटरला एक लाथ.
'मारली!'
तुझा उजवा हात आला, पोटावर थांबला, परत चाकावर गेला.
मी म्हणाले, 'वळूया?'
'नाही. एका भोकावरून कधी रस्ता उघडतात का?'

हापसालूला, यंत्रातून,
ओल्या बुटांनी कुणी जिना चढावा तसे ठोके.
डॉक्टरीणबाई कागदाची पट्टी बराच वेळ बघत राहिल्या.
'बरं केलंत आलात. सकाळी पुन्हा बघू.
आणि परत असं वाटलं तर रात्र आहे म्हणून थांबू नका.'
तू टोपी काढलीस
आणि थोडा वेळ तिच्यात तोंड घालून बसलास.

आता मार्च संपत आलाय. रस्त्याचं पाणी झालं,
बोट सुरू झाली, गिरमिट तेल लावून भिंतीवर.
परवा ऑफिसचं पत्र आलं:
एकोणीस फेब्रुवारीच्या आपल्या अहवालात, मधल्या खुणेपाशी,
'अकरा, उजव्या बरगडीखाली, जोरात'
अशी नोंद आहे.
जाडी नेमकी किती, कृपया कळवावे.

तू अजून उत्तर दिलेलं नाहीस.
आठ वाजायला आलेत.
हात गरम कर.