एकवीस अक्षरं

तार्तू गावात नदीचं नाव एमायगी,
म्हणजे आईनदी.
जानेवारीत तिच्या पाठीवरून चालता येतं.
वाइके मात्र पुलावरूनच जाते, सकाळी सातला,
पिशवीत राईचा पाव.
आमच्या फ्रीजरमध्ये उणे ऐंशी, बाहेर उणे सतरा,
म्हणजे उन्हाळाच की,
हे गेटवरच्या माणसाला ती रोज ऐकवते.

वाइके म्हणजे त्यांच्या भाषेत शांत.
नाव आईनं ठेवलं तेव्हा त्या घरात
मोठ्यानं बोलायची सोय नव्हती.

बाटलीत पेशी आहेत, कुणा बाईच्या स्तनातल्या.
बाई गेली, गाठ उरली,
गाठीचं पोट अजून भरत नाही.
एक दिवसाआड वाइके त्यांना गुलाबी पाणी पाजते,
बाळाच्या दुधाइतकं कोमट,
आणि पुटपुटते : गिळा, मेल्यांनो.

आज त्यांना एकवीस अक्षरं द्यायची,
चरबीच्या इवल्या थेंबात गुंडाळून.

जीनला कुणी हात लावत नाही.
तो बसलाय आत, गादीवर,
हुकूम सोडतोय : वाढा, दोनाच्या चार व्हा.
चिठ्ठी बाहेर पडते,
एकवीस अक्षरं तिला वाटेत गाठतात,
ओळीला ओळ जुळवून बघतात,
मग कात्री.
चिठ्ठी पोचत नाही. एवढंच.

वाइकेला हे समजावून सांगावं लागलं नाही.
वडील सायबेरियातून दरमहा लिहायचे म्हणे.
घरी आली तीन पत्रं.
एकाची मधली ओळ ब्लेडनं काढलेली,
त्या फटीतून लहानपणी ती
आईचा चेहरा बघायची.
तानेल नवा होता तेव्हा त्याला म्हणाली होती :
कात्री चांगली की वाईट ते नंतर,
हातात कुणाच्या आहे ते आधी विचार.

शेजारच्या खळग्यात तीच अक्षरं, विस्कटून.
अर्थ नसलेली.
तिथल्या पेशी ढिम्म ऐकत नाहीत.
बरोबरच आहे,
बडबडीनं कोण थांबलंय?

बहात्तर तासांनी चौकटी, भिंग,
अंगठ्याखाली टिक टिक टिक.
बडबडीकडे शंभर असतील तर इकडे एकसष्ट.
मेल्या नाहीत. चिडीचूपही नाहीत.
नुसत्या रेंगाळल्या,
सुट्टी संपल्यावर शाळेला निघालेल्या पोरांसारख्या.
वाइके पुन्हा मोजते. एकसष्टच.

बुधवारी गाण्याच्या मंडळात
तिच्या डाव्या हाताची खुर्ची तीन आठवडे रिकामी आहे.
उर्वेची.
खालचा सूर आता ही एकटीच धरते,
शांत नावाची बाई, घसा ताणून.

रात्री उर्वेचा फोन :
काय म्हणतायत गं तुझ्या त्या?

आकडा तोंडावर आलेला असतो.
काचेपासून बाईपर्यंतचं अंतरही
वाइकेला ठाऊक असतं, तीस वर्षांचं.

हळू बोलायला लागल्यात,
ती म्हणते.
आणि सोमवारी तुला कितीला बोलावलंय?
येते मी.
पाव आणू का,
की वासानं उलटी होते अजून?