बग्गीखाना

गल्लीला नाव नाही. हडसनकाठच्या या गावाच्या नकाशात
ती दोन रस्त्यांमधली एक बारीक रेघ.
मोठ्या घरांची तोंडं तिकडे, नदीकडे.
इकडे त्यांच्या पाठी,
आणि पाठीला टेकून हा बग्गीखाना.

वारसा समितीचा कागद म्हणतो : दारं मूळ रंगात हवीत.
म्हणून मी खरवडतोय.
पांढरा निघाला. त्याखाली गॅरेजचा राखाडी,
त्याखाली एक लाल, कुणाची हौस कोण जाणे,
मग बाटलीच्या काचेसारखा हिरवा.
इथे थांबायचं, असं कागदात आहे.

पेल्टनच्या कारखान्यात चारशे बाया
शर्टांच्या कॉलरी शिवायच्या,
आणि पेल्टनबाईंची बग्गी रविवारी चर्चला जायची.
पायी गेलं तर चार मिनिटं.

माळ्यावर गवत, गवताशेजारी मायल्स डून,
गाडीवान, आयर्लंडहून आलेला.
घोड्यांची ऊब फटींतून वर येते
म्हणून त्याला शेगडी नव्हती.
हिशेबाच्या वहीत वाचलं मी :
घोड्यांसाठी घोंगड्या, सहा.
डूनच्या नावापुढे काही नाही.

मग मोटार आली. जमिनीत लोखंडी चकती बसली,
गाडी जागच्या जागी फिरवायला,
कारण मागे घेणं कुणालाच जमेना.
घोडे विकले. डूनला गॉगल मिळाला.
ब्रेक दाबताना तो 'होऽ, होऽ' म्हणायचा,
असं माझे आजोबा सांगत.
म्हातारा डून त्यांनी पाहिला होता,
पुढे ही जागा भाड्याने घेऊन
ते इथेच कार्ब्युरेटर धूत बसले.
चकती अजून फिरते. जरा कुरकुरते.

परवा ओटची पेटी हलवली.
मागे फळीवर पेन्सिलीने :
'नेल. पोटशूळ. रात्रभर फिरवली. पहाटे गेली.'
खाली, दुसऱ्या हातानं लिहिल्यासारखं, वाकडं :
'बर्फ. बाईंना चर्च. एकटी बेट जुंपली.
सारखी डावीकडे बघते.'

समितीच्या मिस ऑल्ड्रिच येऊन गेल्या.
हिरव्याची खपली पाकिटात घातली,
विचारलं, आत जपण्यासारखं काही?
पेटी मी परत भिंतीला लावली होती.
म्हटलं, विटा तेवढ्या जुन्या आहेत.
का म्हटलं, ते अजून नीट कळलेलं नाही.
माळ्यावर आता रात्रीचे दोनशे डॉलर घेतात.
फळीवर काच बसली असती, काचेवर दिवा,
आणि नाश्त्याच्या पत्रकावर नेल.

ऑगस्टात हवा दमट झाली
की विटांमधून घोड्यांच्या मुताचा वास येतो.
पाहुणे तक्रार करतात,
मालकीणबाई लव्हेंडरच्या पुरचुंड्या टांगतात.

डावीकडच्या ठाणात मी डबा खातो.
गव्हाणीची कड चावून चावून
पार खोलगट झालीय, हात ठेवला तर बसतो.
ती तासून सरळ कर, म्हणाल्या.
उद्या करतो, म्हटलं.
तीन आठवडे झाले,
उद्या म्हणतोय.